पाटातलं भूत

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

आजपासून रोजनिशी. कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडलं. अनिता पेणला गेली.

तशी ती दरवर्षीच जाते. तिच्या माहेरी गणपतीचा कारखाना. भाऊ निलेश चालवतो, पण मूर्तींचे डोळे काढायचे ते अनितानेच. आखणीला तिच्यासारखा हात अख्ख्या पेणमध्ये नाही, असं तिचे वडील म्हणतात. (वडिलांचं काय घेऊन बसलात. माझे वडील मला हुशार म्हणायचे.)

यंदा मात्र भांडून गेली. विषय पाट. आमच्या गणपतीचा पाट दरवर्षी कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती बसवतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट मूर्ती रोह्याला घरी, अशी पद्धत. पाट अनिताच न्यायची. गेल्या वर्षी हौसेने मी नेला, तर निलेश चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, दाजी, तिकडं लायनीत ठेवा आन् खडूनं नाव लिवा. लायनीत! जावयाला! चहासुद्धा नंतर विचारला.

तेव्हाच ठरवलं. यापुढे पाट नेणार नाही. हवा असेल तर निलेशने रोह्याला यावं, उंबऱ्यात उभं राहून मागावा.

अनिता म्हणाली, यापुढं पाट घरच्या मालकानंच आणायचा. तुम्ही आणाल तेव्हाच आपल्या मूर्तीचे डोळे काढीन. नाय आणलात तर घरात गणपती नाय, आणि मी पण नाय, मी तिकडंच माहेरच्या गणपतीला राहीन.

मी म्हटलं, राहा.

राहिली की खरंच. बघू कोण आधी नमतं ते.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

खिचडी. काल पण खिचडी होती. श्रावण कडक पाळायचा असा संकल्प.

नदीपलीकडे अष्टमी गावात यूनुसच्या दुकानात गेलो. यूनुस मस्कतहून परत आला आणि मोबाइलचं दुकान टाकलं. वेळ जात नाही म्हणालो तर त्याने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं, भुतं शोधायचं. भूत जवळ असलं की काटा हिरव्यावरून लाल होतो. खाली इंग्रजीत लिहिलंय की हे वातावरणातली चुंबकीय शक्ती मोजतं, म्हणजे सायन्स आहे, थोतांड नाही. सोबत फोनला नवीन फ्लिप कव्हर घेतलं, पुस्तकासारखं उघडणारं. यूनुस म्हणाला, कमळाकरभाय, एकदम पॉवरबाज मॅग्नेट हाय, पडला तरी झाकण उघडनार नाय. वस्तू चांगली आहे.

घरी येऊन कव्हर चढवलं, ॲप लावलं.

काटा लाल.

स्वयंपाकघरात लाल. न्हाणीत लाल. अनिताच्या कपाटापाशी तर थरथरत होता. एवढी वर्षं या घरात राहिलो आणि कल्पना नाही.

३ ऑगस्ट, रविवार.

रात्रभर विचार केला (लाईट लावून). असं काही सापडलं की माणसाने घाबरायचं नसतं, त्याचा अभ्यास करायचा असतो. रायगड जिल्ह्यात या विषयावर पद्धतशीर काम झालेलं दिसत नाही. ते मी करणार. यूट्यूब चॅनल काढलं. पहिला सबस्क्रायबर यूनुस. दुसराही येईल.

शेजारच्या गिरजाबाई वालाची उसळ घेऊन आल्या होत्या. त्यांना काटा दाखवला. म्हणाल्या, भावजी, बायको घरात नसली का सगल्यांच्याच घरात असा होतो. विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

उसळीत सुकट होती. श्रावण मोडला असं मी मानत नाही. सुकट वाळलेली असते, तिला मासा म्हणता येत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार.

शोधकार्याची वेळ ठरवली. भर दुपारी बारा.

भुतं रात्रीच असतात हा गैरसमज. जुनी माणसं भर दुपारी चिंचेखालून जाऊ देत नाहीत ते काय उगाच? शिवाय रात्री माझा लगेच डोळा लागतो. शिवाय पावसात लाईट जाते. शिवाय रात्री एकट्याने कशाला.

आज कुंडलिकेच्या पुलावर निरीक्षण. लाल. तहसीलच्या आवारात लाल. बँकेत लाल, पण तिथून वॉचमनने बाहेर काढलं.

एक महत्त्वाची नोंद: झाकण उघडून समोर धरलं की काटा थोडा उतरतो. तेच झाकण मागे दुमडून, फोन नीट हातात घेऊन, मी निरीक्षणाला सज्ज झालो की चढतो. म्हणजे मी तयार झालो हे त्याला कळतं. हुशार आहे.

११ ऑगस्ट, सोमवार.

पेणला जायचं ठरवलं. पाटाचा काही संबंध नाही. अनिताला भेटण्याचाही नाही. कारखाना जुना आहे, अभ्यासाला जागा चांगली, एवढंच. वाटेत भेट झाली तर झाली.

पाट नेणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

सकाळच्या गाडीने पेण. गाडीत काटा लालच्याही पलीकडे. कासूला गाडी थांबली, तेव्हा मी दरवाज्याच्या लोखंडी दांड्याला धरून उभा होतो, तर फोनमधून शिट्टीच वाजायला लागली. अख्खी लाईन झपाटलेली आहे. लोक बिनघोर शेंगा खात होते.

कारखान्यात गेलो तर अनिता डोळे काढत बसलेली. मान वर न करता विचारलं, पाट आणलात? मी म्हटलं, मी संशोधनासाठी आलोय. ती म्हणाली, मग लांबून करा, उजेड अडवू नका.

निलेशला, कामगारांना, सासऱ्यांना काटा दाखवला. सगळे गंभीर झाले. एवढ्या गांभीर्याने माझं कोणी आजवर ऐकलं नव्हतं. निलेशची पिंकी कॉलेजात सायन्सला आहे, तिने फोन हातात घेतला, झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि मग आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. अनिताला एकदम ठसका लागला. भीतीने असेल.

बाराला सगळे जेवायला गेले. मी एकटा राहिलो. शेडमध्ये शंभर-दोनशे गणपती आणि बहुतेकांना अजून डोळे नाहीत. मला भीती वाटली नाही. बाहेर जाऊन उभा राहिलो ते उकडत होतं म्हणून.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक मूर्ती पेपरने झाकून वेगळी ठेवलेली. बेताचीच, पिवळं पीतांबर, रंगवून झालेली, डोळे मात्र कोरे. तिच्यासमोर काटा लाल. ही कोणाची म्हणून निलेशला विचारलं. म्हणाला, घेनारा यायचा हाय.

म्हणजे घेणारा बेपत्ता. धागा मिळाला.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

परत पेण. अभ्यासात सातत्य लागतं.

निलेश स्वतः दारापर्यंत आला, दाजी या म्हणाला, आल्याआल्या चहा दिला. जावयाचा मान असा शास्त्राने परत मिळाला. मग म्हणाला, दाजी, आमच्यात म्हनतात, चालता हात असला का भूत जवळ येतं. रिकाम्या मानसाकडं फिरकत नाय. मुद्दा पटला. हाताला चाळा म्हणून पॉलिश पेपर घेतला आणि मूर्ती घासत बसलो. संध्याकाळपर्यंत दोन फळ्या झाल्या. काटा सतत लाल. निलेश म्हणाला, बगा, आलंच.

निघताना अनिताने डब्यात वालाचं बिरडं दिलं. विचारलं, पाट? मी म्हटलं, तुला पाटाशिवाय काही सुचत नाही का. ती म्हणाली, नाय.

१७ ऑगस्ट, रविवार.

पेण. घासकाम, आणखी तीन फळ्या. (निरीक्षण.)

दुपारी मांजरं आत शिरू नयेत म्हणून दाराशी बसलो. आत्मे मांजरांच्या रूपाने येतात असं पिंकी म्हणाली, म्हणून प्रत्येक मांजर अडवलं. कोंबड्याही अडवल्या. कामगार मला ‘भूतवाले साहेब’ म्हणायला लागलेत. कंपनीत मला इतक्या वर्षांत कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

खांदा दुखतोय.

अनिता आज डोळे काढत असताना थोडा वेळ शेजारी बसलो. उजेड अडवला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार.

तुफान पाऊस. कुंडलिका फुगलीय, गाड्या बंद, घरातच अडकलो. घर फार मोठं वाटतं. दोन खोल्यांचं घर मोठं कसं वाटेल, पण वाटतं.

गणपती बसतो तो कोनाडा पुसला. उगाच. धूळ होती म्हणून.

दुपारी पिंकीचा फोन. म्हणाली, काका, मी जरा वाचत होते. घरात अशी कुठली वस्तू हाय का, जी दरवर्षी बाहेर जाते आणि यंदा गेलीच नाय? आत्मे अशाच वस्तूत अडकतात म्हणे.

विचार केला. छत्री? रोज जाते. सूटकेस? ती कधीच जात नाही. मग अंगावर काटा आला.

पाट!

माळ्यावर चढलो. फोन पाटाच्या लोखंडी कडीपाशी नेला. काटा लाल, शिट्टी, आणि वर फोन थरथरला. (थरथर गिरजाबाईंच्या फोनची होती, उसळ हवी का म्हणून. पण वेळ बघा.)

सगळं जुळलं. पाट इथे, कोरी मूर्ती तिकडे, घेणारा बेपत्ता. कोणीतरी मध्येच अडकलंय.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

झोप नाही. पाट खाली आणून पडवीत ठेवला, तर तो बाहेर आणि मी आत असं झालं, म्हणजे दार उघडायचं तर त्याच्याच बाजूला. परत आत आणला. मग मीच पडवीत झोपलो.

गिरजाबाई सकाळी म्हणाल्या, भावजी, अवो गनपतीच्या पाटात भूत कसा बसंल? त्यानला बसाया दुसरी जागा नाय? मी म्हटलं, सायन्स आहे. त्या म्हणाल्या, सायन्स आसंल, पन पाट पेनला कदी धाडता? सगळे फिरून फिरून तिथेच येतात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.

निर्णय. पाट पेणला न्यायचा.

स्वच्छ लिहून ठेवतो: मी पाट द्यायला जात नाही. तपासणीसाठी नेतोय. पाट आणि कोरी मूर्ती समोरासमोर ठेवून, बाराच्या ठोक्याला, सर्वांसमक्ष प्रयोग. व्हिडिओ काढायचा, चॅनलवर टाकायचा. निलेशने तेव्हा लायनीत उभं केलं होतं, आता त्याची अख्खी लाईन माझ्यासमोर उभी राहील. तपासणी झाली की पाट परत आणायचा. माझ्या शब्दात बदल नाही.

पाट नेणार नाही म्हणालो होतो, तो या अर्थाने नव्हे.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी, गाडीत.

पाट चादरीत गुंडाळून मांडीवर. समोरच्या बाईने विचारलं, पेनला पाट द्यायला ना? लय उशीर केलात. मी म्हटलं, हा पाट नाही. बाई खिडकीबाहेर बघायला लागली.

आजचा दिवस लक्षात राहील.

२४ ऑगस्ट. रात्री, रोहा.

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीत खोटं लिहू नये. मी कधीच लिहीत नाही.

शेड भरलेली. गिऱ्हाइकं मूर्ती न्यायला आलेली, सगळे कामगार, सासरे खुर्ची टाकून पुढे. मी दोन शब्द बोललो. रायगड जिल्ह्याच्या इतिहासात वगैरे. पाट मध्ये ठेवला, निलेशने फळीवरची ती कोरी मूर्ती उतरवून समोर ठेवली. बारा वाजायला आले.

पिंकी म्हणाली, काका, शूटिंगला फोन स्टँडवर लागंल, कव्हरसकट बसत नाय. आणि तिने कव्हर काढलं.

काटा हिरवा.

मी म्हटलं, थांबा, गर्दीमुळे लाजलं असेल. पाटाच्या कडीशी नेला तर जरासा हलला आणि परत खाली. मूर्तीपाशी, दाराशी, सासऱ्यांपाशी. हिरवा. मग पिंकीने रिकामं कव्हर उचललं आणि फोनजवळ आणलं. लाल. लांब नेलं, हिरवा. जवळ आणलं, लाल. मग एका गिऱ्हाइकाची लहान मुलगी म्हणाली, आई, भूत त्या पाकिटात हाय.

आणि शेड हसली. निलेश भिंत धरून हसला. कामगार खाली बसले. सासऱ्यांची कवळी निसटली. पॉवरबाज मॅग्नेट. यूनुसने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच लिहिलंय वर, १ ऑगस्टला.

पिंकीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे अनिताला. म्हणजे सगळ्यांना. म्हणजे त्या पाच फळ्या मी फुकट घासल्या.

फोन आणि कव्हर खिशात घातलं, चादर उचलली आणि निघालो. कोणाकडे बघितलं नाही. दारापाशी अनिता आडवी आली. ती एकटीच हसत नव्हती. माझ्या हातात चादर होती आणि पाट मागेच राहिला होता, तो तिने उचलला होता. पदराने पुसत होती. म्हणाली, आला ना शेवटी.

मी म्हटलं, तपासणीसाठी आणला होता.

ती म्हणाली, व्हय, तपासला. चांगला हाय.

मग तिने तो पाट नेऊन जमिनीवर ठेवला, खडूने त्यावर माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि ती कोरी मूर्ती उचलून त्यावर बसवली. ओल्या मातीने चारी बाजूंनी बसवली. घेनारा यायचा हाय असं निलेश म्हणाला होता, तो घेणारा मी होतो. महिनाभर त्या फळीवर आमचाच गणपती माझी वाट बघत बसला होता आणि मी त्याच्यासमोर फोन धरून उभा होतो.

मग ती ब्रश घेऊन बसली. मघाशी हसणारे सगळे माना पुढे काढून बघायला लागले. अनिताने श्वास धरला. एक डोळा, मग दुसरा. मग श्वास सोडला. मूर्ती एकदम घरातली वाटायला लागली.

मला अनिता फार आवडते. लिहून ठेवतो, वाचणारं कोणी नाही.

गाडी पकडून आलो. तिला विचारायचं राहिलं, तू पण येणार ना म्हणून. विचारायला तोंड कुठे होतं.

२५ ऑगस्ट, सोमवार.

ॲप डिलीट करायचं ठरवलं.

यूनुसकडे गेलो, कव्हर त्याच्यासमोर टाकलं, तू मला नीट सांगायचं होतंस म्हणालो. तो म्हणाला, भाय, मी तर बोललो, मॅग्नेट हाय. तुम्हीच बोललात वस्तू चांगली हाय. वाद घालण्यात अर्थ नव्हता. उद्या गणपती आणायला गाडी आहे का विचारलं, तर म्हणाला, माझी हाय ना.

मखर लावलं. कोनाडा परत पुसला. पेणहून फोन नाही.

ॲप अजून डिलीट केलेलं नाही. चॅनलला एक सबस्क्रायबर आहे, त्याला आधी कळवायला हवं.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका.

यूनुसच्या गाडीने पेण. वडखळ नाक्याचा जाम पेणपर्यंत आला होता. यूनुसने शिव्या गिळल्या, म्हणाला आज नको, गनपती आणायचा हाय.

कारखान्यात सगळे नीट वागले. कोणी हसलं नाही, म्हणजे मी असेपर्यंत नाही. निलेशने माझ्या हातात विडा-सुपारी दिली, मूर्ती दिली, आणि चक्क वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, दाजी, पुढल्या वर्षी पण या, घासायला मानूस मिळत नाय.

मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून मी पाट मांडीवर घेतला. मागच्या सीटवर शेजारी अनिता येऊन बसली. पिशवी घेऊन. मोठी पिशवी, सगळे कपडे मावतील अशी. मी काही विचारलं नाही. रोह्यापर्यंत यूनुसने प्रत्येक खड्डा माणूस चालतो तेवढ्या हळू पार केला. मध्येच म्हणाला, भाय, कव्हर बदलून देऊ का, बिनमॅग्नेटचा आलाय. अनिता तेव्हा हसली. महिन्यात पहिल्यांदा, आणि बराच वेळ. कासू गेलं तरी हसत होती.

घरी आल्यावर गिरजाबाईंनी ओवाळलं. गणपती कोनाड्यात. अनिता लगेच पदर खोचून आत, तिचा उपास आणि उद्याची तयारी.

मी बाहेरच्या खोलीत थांबलो. कोणी बघत नव्हतं. फोन काढला. कव्हर नाही, मॅग्नेट नाही, काही नाही. ॲप उघडलं. शेवटचं, डिलीट करण्याआधी एकदा. शास्त्रात शंका ठेवू नये.

हिरवा. हिरवा. आणि मग एकदम काटा हलला. पिवळ्यावर आला. चढला. कव्हर यूनुसकडे, मी इथे, आणि माझ्या अगदी पाठीमागे काहीतरी होतं. हळूच वळलो.

लोखंडी विळी घेऊन अनिता उभी होती.

म्हणाली, भूत बघून झालं असंल तर नारळ खवा. एकवीस मोदकांचं सारण हाय.

सध्या खवतोय. मधूनच लिहितोय. हाताला चाळा आहे.